माळावरचं दगडी कडं : मेंढरांच्या जुन्या वाड्यांच्या खुणा तुमच्या भागात आहेत का?

माळकरी

राम राम मंडळी.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या हद्दीकडं. खाली काळी रानं आणि वर मुरमाड माळ. माळावर आमची वडिलोपार्जित आठ एकर पड आहे. आजवर तिथं कुसळाशिवाय काही आलं नाही. धाकट्या भावानं आता डाळिंब लावायचं ठरवलंय आणि सपाटीकरणासाठी जेसीबी सांगितलाय.

त्याआधी एकदा सगळी पड पायाखालून घालावी म्हणून परवा सकाळी गेलो. वरच्या टेपाडाच्या आडोशाला दगडाचं एक कडं सापडलं. पावलांनी मोजलं तर चौदा पावलं रुंद. दगड बिनमातीचे, नुसते एकावर एक रचलेले, आता गुडघ्याइतके उरलेत. दार उगवतीला. आत एका कोपऱ्यात आणखी एक लहान कप्पा आहे, माणूस जेमतेम बसेल एवढा.

दाराच्या डाव्या अंगाला एक उभा दगड आहे. त्याची माळाकडची बाजू खरबरीत, पण आतली कड मांडीच्या उंचीवर गुळगुळीत आणि काळीभोर झालीय. हात फिरवला तर जुन्या पाट्यासारखी लागते. इतका एकच पट्टा गुळगुळीत, त्याच्या वर-खाली दगड जसाच्या तसा.

कड्याच्या आतली माती राखाडी आणि भुसभुशीत. बाहेर मुरूम आणि कुसळ, आत मात्र काटेमाठ आणि तांदुळजा कमरेएवढा. शंभर पावलांवर हिवराच्या झाडाखाली शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देव मानलेला बिनघडीव दगड आहे आणि ओढ्याच्या काठाला जनावरांना पाणी पाजायची अर्धी फुटलेली दगडी डोण.

आजोबा या जागेला 'वाडग्याचा माळ' म्हणायचे. का म्हणायचे ते कधी विचारलं नाही, आता विचारायला ते नाहीत.

हा मेंढरांचा वाडा असेल का? असं काही तुम्ही कुठं पाहिलंय का? जेसीबी आठ दिवसांनी येतोय, म्हणून जरा घाई आहे.

---

तरवड

वाचतोय. त्या काळ्या दगडाचा जवळून फोटो टाका. मला तर वर्णन वाचूनच हात लावावासा वाटतोय.

---

भीमाकाठ

मला शंका आहे. धनगर मेंढरं कोंडतात ती वाघरीत. दोरीची जाळी असते, खुंट्या ठोकल्या की वाडा तयार, सकाळी गुंडाळली की घोड्यावर. रोज गाव बदलणारा माणूस दगड रचत कशाला बसेल? एक तर रान वेचून टाकलेले दगड असतील, नाहीतर जुना कोंडवाडा.

---

माळकरी

भीमाकाठ, रान वेचलेल्या दगडांचा ढीग होतो, त्याला दार ठेवत नाहीत. कोंडवाडा म्हणाल तर आमच्या गावचा चावडीजवळ होता, वडिलांनी पाहिलाय. मोकाट जनावरं धरून दीड कोस माळावर कोण नेणार? पण वाघरीचा मुद्दा पटतो. तिथंच मीही अडलोय.

---

सुंबरान

मी धनगराच्या घरातली, सांगोल्याकडची. लग्न होईपर्यंत निम्मं आयुष्य वाड्यावर गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा शब्द. आमच्यात मेंढीलाही 'बकरी' म्हणतात. 'बकरी कुठं बसलीत?' असं विचारलं की ती मेंढरंच. आणि वाडा म्हणजे नुसतं कुंपण नव्हे. चार-पाच घरं, त्यांची बकरी, घोडी, कुत्री, कोंबड्यांचं डालगं, सगळं मिळून वाडा. म्हणून 'आमचा वाडा अमक्या गावात आहे' म्हणतात.

भीमाकाठ म्हणतात ते दिवाळीनंतरच्या सहा-सात महिन्यांचं खरं आहे. तेव्हा वाडा फिरता असतो. पण मिरगाला आम्ही घरच्या माळावर परत यायचो. पावसाळाभर काळ्या रानात बकरी घालता येत नाहीत. चिखलात खूर सडतात. आणि आपल्याकडं मंगळवेढ्याची रानं रब्बीची, उत्तरा-हस्तात पेरायची, त्याआधी कुळवून तयार ठेवलेली. त्यात कोण घालू देईल? मग चार महिने माळावरच. त्या मुक्कामाला दगडी वाडगं लागायचं, कारण पावसात कोकरं गारठून मरतात आणि लांडगा येतो. दगड कमरेएवढे रचायचे, वर बोरीच्या शिऱ्या, म्हणजे काटेरी फांद्या, दाबायच्या, दार उगवतीला ठेवायचं. पावसाळी वारा मावळतीकडून येतो, म्हणून पाठ तिकडं. दार रात्री एका मोठ्या शिरीनं बुजवायचं आणि माणूस तिथंच आडवा झोपायचा, घोंगडं पांघरून.

तुमचा आतला कप्पा कोकरांचा. बकरी दिवसभर चरायला जातात, तान्ही कोकरं मागं राहतात. संध्याकाळी बकरी परत आली की दोन्हीकडून जो ओरडा सुरू होतो, तो ज्यानं ऐकलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. शंभर कोकरांत प्रत्येक आई आपलं पोर वासावरून काढते.

आणि काळा दगड. दारातून आत शिरताना प्रत्येक बकरी अंग घासते. लोकरीला चिकट तेल असतं. रोज दोनशे अंगं, तीही पिढ्यान् पिढ्या. मांडीच्या उंचीवर म्हणालात ना? बकरीची कूस तिथंच येते.

आता एक गोष्ट मनाला लागली ती सांगते. 'खुणा', 'जुने वाडे' असं तुम्ही लिहिलंय. दगड जुने असतील. पण माझा भाऊ आजही दीडशे बकरी घेऊन फिरतो, त्याला 'खूण' म्हणू नका. गेल्या वर्षी एका गावात ठरवून रान दिलेलं असताना मध्यरात्री वाडा उठवायला लावला. पावसाची भुरभुर, तान्ही कोकरं घोड्यावरच्या पिशवीत, आई काठी टेकत चाललेली. गावाचं नाव घेत नाही. माळ गेले, गायरानं गेली, वाटेला कुंपणं झाली, म्हणून हे होतं.

---

माळकरी

सुंबरानताई, शब्द चुकला, मनापासून माफी. उंचीचं सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला. दगडाला हात लावला तेव्हा डोक्यात होतं ते फक्त 'किती जुना' एवढंच.

---

चिंचोका

सुंबरानताईंनी घोंगड्याचा उल्लेख केला म्हणून राहवलं नाही. आम्ही विणणारे. आज्ज्याचा खड्डामाग घराच्या पुढच्या सोप्यात होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं पावड्या दाबायच्या. दगडी वाडग्यासारखीच ही पण एक खूण आहे. आमच्या गल्लीत निदान पाच घरांत जमिनीत तो चौकोनी खड्डा अजून आहे. आमच्याकडं त्यात कांद्याची पोती ठेवतात. फरशी बसवताना वडील म्हणाले, बुजवू नका, फळी टाका. अजून फळीच आहे.

काम सांगतो. बकरी ओढ्यात धुवायची, उन्हात वाळवायची, मग कातरायची. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर ते जावळ. सगळ्यात मऊ. जावळाचं घोंगडं म्हणजे लेकीच्या लग्नात द्यायची वस्तू. लोकर धनुकलीनं पिंजायची, बायका चरख्यावर सूत काढायच्या, मग ताणा लांब पसरून त्याला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून ती खळ व्हायची आणि कुंच्यानं सुतावर चढवायची. नव्या घोंगड्याला तो ताठपणा त्या खळीनं येतो. पावसात नेलं की पाणी आत शिरत नाही, वरूनच ओघळतं.

आमच्या सोलापूर जिल्ह्याचं नाव चादरीनं जगभर झालं, त्याचा अभिमान आहेच. पण चादर सुताची आणि शहरातली. घोंगडं या मातीचं, इथल्या काळ्या दख्खनी मेंढीच्या पाठीवरचं.

---

तरवड

ओल्या घोंगड्याचा वास आला वाचताना! आमच्या चुलत्यांनी ते एकदा पावसात भिजवून माजघरात वाळत घातलं होतं. मांजर तीन दिवस घरात आलं नाही.

---

चिंचोका

तरवड, तो वास ज्याला आवडतो तो आमचा माणूस. :)

---

ऊसवाला

थोडं उलट बोलतो, रागावू नका. माझं रान उजनीच्या कालव्याखाली आहे. १९८० ला धरण झालं, पाणी आलं आणि आमच्या घरातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची थांबली. माळ मोडून बागायत केली त्यात मला काही वाईट दिसत नाही. आठ एकरात डाळिंब आलं तर एक घर उभं राहतं. आणि मेंढरं बांधावरून आत शिरली की काय होतं ते ऊस लावणाऱ्याला विचारा. कोवळा फुटवा तासाभरात साफ.

पण एक कबूल करतो. वडील दर तिसऱ्या वर्षी मेंढरं बसवायचे. पाच-सहा रात्री वाडा रानात असायचा, दर दोन रात्रींनी वाघर सरकवायची, म्हणजे सगळ्या रानाला लेंडी आणि मूत सारखं पडतं. बदल्यात ज्वारी द्यायचे, मी रोख देतो. त्या खताला तोड नाही. पुढची दोन वर्षं पिकाचा रंगच वेगळा दिसतो.

---

बोरामणीचा माळ

ऊसवाला, घर उभं राहणं मोठंच आहे, त्यावर वाद नाही. पण 'माळ म्हणजे पडीक' हा समज मोडायला पाहिजे. मी पंधरा वर्षं सोलापूरजवळच्या नान्नज-बोरामणीच्या माळावर पक्षी बघत फिरतोय. कुसळी, पवना, मारवेल, शेडा हे गवत आपल्या पावसाला बेतलेलं आहे. त्यावर नाकतोडे, त्यांच्यावर चंडोल आणि धाविक, काळवीट, लांडगा, आणि माळढोक. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं ते याच माळांवर. आता माळढोक दिसला तर बातमी होते.

त्यात आमच्यासारख्यांची चूकही सांगतो. बरीच वर्षं निसर्गप्रेमी मंडळी 'मेंढ्यांनी माळ खाल्ला' म्हणायची, मीही म्हणायचो. मग गवताच्या माळावर झाडं लावली, गिरिपुष्पाच्या रांगाच्या रांगा. माळढोकाला दूरवरचं दिसायला हवं, त्याला झाडी नको. बेताची चराई माळाला सोसते. नांगर आणि झाडं सोसत नाहीत. जुना धनगर एका माळावर मुक्काम ठोकून राहत नव्हता, गवत कमी झालं की उठायचा. त्याच्या फिरण्याच्या वाटा तुटल्या आणि उरलेल्या तुकड्यांवर सगळी मेंढरं एकवटली, तेव्हा माळ खरडला गेला.

लांडग्याचंही सांगतो. मेंढरं गेलेल्या माळावर लांडगा सुखी नाही. इथला लांडगा पिढ्यान् पिढ्या वाड्याच्या मागावर जगलाय.

---

सुंबरान

बरोबर. वडील म्हणायचे, 'त्याचा वाटा त्यानं नेला.' एखादं कोकरू नेलं तर रागावायचे, पण विष घातलं नाही कधी.

---

पांढरीची माती

माळकरी, मी पुरातत्त्व शिकतो, म्हणून दोन गोष्टी.

जनावरं कोंडलेली जागा भिंतीपेक्षा मातीवरून जास्त खात्रीनं कळते. खाली कर्नाटकात सुरपूरकडं आणि पुढं रायचूर दुआबात राखेचे मोठे ढिगारे आहेत. लोक त्यांना राक्षसांची राख वगैरे म्हणायचे. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी त्यातल्या उतनूरला खोदलं तेव्हा खुंट्यांच्या कुंपणाच्या खळग्या आणि खुरांचे ठसे मिळाले. म्हणजे ते नवाश्मयुगातले गुरांचे गोठे होते, शेण साठायचं आणि जाळलं जायचं. डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या यांनी बुदिहाळला पुढचं काम केलं. ती वस्ती चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिथं मुख्यतः गाई-बैल होते, मेंढ्या कमी. तेव्हा तुमच्या कड्याशी थेट नातं जोडू नका. पण रीत तीच आहे. लेंडी-मुतातलं स्फुरद मातीत शेकडो वर्षं टिकतं. आतली आणि बाहेरची मूठभर माती वेगवेगळ्या पिशवीत भरून माती परीक्षणाला द्या, फरक आकड्यात दिसेल. तुमचा काटेमाठ तेच सांगतोय, त्याला खताची जागा बरोबर कळते.

वय मात्र दगडावरून सांगता येत नाही. तीनशे वर्षांचं असेल, सत्तरचंही असेल. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

---

भीमाकाठ

माझी शंका मागं घेतो. काटेमाठाचा मुद्दा आधी लक्षात आला नाही. अवांतर: पंढरपूर तालुक्यात मेंढापूर नावाचं गाव आहे. तेही याच धाग्यातलं असावं का?

---

पांढरीची माती

नावावरून घाई नको. गावांच्या नावांच्या तीन-तीन व्युत्पत्त्या निघतात आणि तिन्ही गोड असतात. पण शेताची आणि माळाची नावं मात्र लिहून ठेवा. ती सातबाऱ्यावर येत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर जातात. 'वाडग्याचा माळ' हा तुमचा सगळ्यात पक्का पुरावा आहे.

---

नेसकाठची

मी मूळची अक्कलकोट रोडची, गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला. हा धागा वाचताना घशात काहीतरी अडकलं.

इथल्या डोंगरांवर फिरायला गेलं की माळकरींनी लिहिलंय तशीच दगडी कडी दिसतात. बिनमातीची, गोल किंवा चौकोनी. मेंढरं गोळा करायची, कातरायची जागा. इथं त्याला फँक म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मंगळवेढ्याला मामाच्या गावी आल्यासारखं वाटलं.

पण नंतर एका शेजारणीनं बाजूच्या दगडांकडं बोट केलं. ती घरं होती. इथल्या जमीनदारांना अठराव्या शतकाच्या शेवटी लोकरीत पैसा दिसला. चेव्हियट जातीची मोठी मेंढरं आणली आणि खोरीच्या खोरी माणसांकडून रिकामी करून घेतली. १७९२ ला रॉसशायरमधल्या लोकांनी ती मेंढरं हाकलून लावायचा प्रयत्न केला, तो सैन्य आणून मोडला. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात घरांची छपरं पेटवली. पुढं पडक्या घरांचे दगड काही ठिकाणी मेंढवाड्यांना लागले. म्हणजे इथं मेंढरांसाठी माणसं काढली. आपल्याकडं माळावरून मेंढरं निघाली आणि त्यांच्यामागं माणसं.

त्याच्याही आधीच्या काळात इथल्या बायका-पोरं उन्हाळ्यात जनावरं घेऊन वर डोंगरात जायची, लहान झोपड्यांत राहायची, दूध-लोणी करायची. त्या झोपड्यांच्या जागा लांबून ओळखता येतात. तपकिरी डोंगरावर तेवढाच हिरवा ठिपका असतो. काटेमाठाचं वाचलं आणि हे आठवलं.

इथं या सगळ्याच्या नोंदी आहेत, नकाशावर खूण आहे. माळकरी, तुमचं कडं कुठल्याच नकाशावर नाही. निदान मोजून, चित्र काढून ठेवा हो.

---

महूदवाला

कातरणीचा हिशेब सांगतो, कारण आजची गोष्ट तिथं अडलीय. दख्खनी मेंढीची एका वेळची लोकर पाव-अर्धा किलो. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त. म्हणून लोकर रानातच टाकून देतात. मग लोकांनी माडग्याळी धरली. जत तालुक्यातली जात, उंच, पोपटासारखं नाक, वजन चांगलं, लोकर जवळजवळ नाहीच. बाजारात एकेका नराला न ऐकलेली किंमत येते. त्यात काही गैर नाही, मटणावरच घर चालतं. पण काळी दख्खनी कमी होत गेली तर चिंचोका यांना काळी लोकर कुठून मिळणार? आमच्या महूदला शासनाचं मेंढी प्रक्षेत्र आहे. काळ्या लोकरीच्या मेंढीला तिथं खास जागा मिळावी असं फार वाटतं.

---

गजढोल

मंगळवेढ्याकडच्या हुलजंतीच्या जत्रेचं कुणीच कसं काढलं नाही? दिवाळीच्या अवसेला महालिंगरायाच्या देवळाच्या शिखराला मुंडासं बांधलं जातं. ते महादेव स्वतः येऊन बांधतो अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी ओढ्यात पालख्यांची भेट. हुन्नूरचा बिरोबा, धनगरांचा देव, तो गुरू आणि महालिंगराया शिष्य. भंडारा, खोबरं आणि लोकर अशी उधळण होते की माणूस पिवळा होऊन घरी येतो, केसांत लोकर अडकलेली. बाजारात भाव नसलेली तीच लोकर तिथं डोक्याला लावून घेतात.

माळकरी, हिवराखालचा तांदळा बघा. भंडाऱ्याचा पिवळा थर असेल तर तो बिरोबा. जेसीबीवाल्याला सांगून ठेवा, त्याला हात लागू देऊ नका.

---

बोरामणीचा माळ

काम होईल असं एक सुचवतो. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही असायला हवी. त्यात माळ, गवतं, पाणवठे, चराईच्या वाटा, जनावरांच्या जाती नोंदवता येतात. वाडगं, डोण, तांदळा हे त्यात घाला. आणि वनजमीन असेल तिथं २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि फिरत्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. सुंबरानताई, तुमच्या भावाला हे माहीत असू द्या.

---

माळकरी

उशीर झाला लिहायला, तीन दिवस माळावरच होतो.

गावातले एक म्हातारबाबा, वय ऐंशीच्या पुढं, त्यांना मोटरसायकलवर बसवून नेलं. कड्याजवळ उतरले, कुणाशी काही न बोलता सरळ आत गेले, कोपऱ्यातल्या कप्प्यात बसले. म्हणाले, "हितं मी झोपायचो. बा दाराला, म्या कोकरांपाशी." बाहत्तरच्या दुष्काळात निम्मी बकरी मेली, उरलेली विकली, वडील पाझर तलावाच्या कामावर गेले. त्या तलावाच्या बांधाला या वाडग्याचे वरचे दगड गेले. त्यांनी स्वतः गाडीत भरले होते. म्हणून आता गुडघ्याएवढंच उरलंय. त्यांच्या वडिलांनाही वाडगं आयतंच मिळालं होतं, कुणी रचलं ते ठाऊक नव्हतं.

काळ्या दगडाला हात लावून त्यांनी तो हात नाकापाशी नेला. मीही नेला. मला काही आला नाही वास. त्यांना आला.

तांदळा बिरोबाच आहे. शेंदराखाली पिवळा थर निघाला.

कडं टेपनं मोजलं, भावाच्या पोरीनं वहीत चित्र काढलं, दगड न् दगड. दोन पिशव्या माती परीक्षणाला दिलीय. भावाशी दोन रात्री वाद झाला. शेवटी म्हातारबाबांना बघून तोच म्हणाला, दोन गुंठे सोडू. कडं, हिवर आणि ओढ्यापर्यंतची दहा फुटी वाट. जेसीबी काल येऊन गेला, बाकी सगळं सपाट झालं. कुसळाचा माळ उघडा पडलेला बघवत नव्हता, हेही लिहितो.

---

सुंबरान

माळकरी, भाऊ दिवाळीनंतर तुमच्याच बाजूनं खाली उतरतो. त्याला हे वाचून दाखवलं. विचारतोय, एक रात्र बकरी तिथं बसवली तर चालेल का?

---

माळकरी

चालेल म्हणजे काय ताई, या. भावाची एकच अट आहे. डाळिंबाची रोपं लहान असतील, तेव्हा रोपांच्या अंगाला वाघर लावा. दाराला बोरीच्या शिऱ्या मी तोडून ठेवतो.